जंत डोळ्यात नेमका कुठे बसलाय?

वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरं

डोळ्यातल्या जंतांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: गोळीनं भागेल ना? याचं उत्तर जंत कोणता आहे आणि डोळ्याच्या कोणत्या भागात आहे, यावर ठरतं. डोळ्याच्या स्नायूतला जंत ज्या गोळीनं विरघळतो, तोच जंत बुबुळामागे, डोळ्याच्या पोकळीत असेल तर तीच गोळी दृष्टी घालवू शकते. म्हणून प्रत्येक उत्तरात आम्ही आधी जागा सांगितली आहे आणि मग औषध. मात्रा दिल्या आहेत त्या तुमच्या हातातली चिठ्ठी तुम्हाला समजावी म्हणून. त्यांवरून दुकानातून औषध आणू नका.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, वजन २६ किलो. दीड महिन्यापूर्वी तिची डावी वरची पापणी सुजली. डोळा वर फिरवला की दुखायचं, आणि एकाची दोन दिसायला लागली. सोनोग्राफीत डोळ्याच्या स्नायूत ‘सिस्टिसर्कस’ निघाला. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल ४ आठवडे आणि सोबत स्टेरॉइड लिहून दिलंय. शाळेत हीच गोळी एकदाच देतात, मग इथे २८ दिवस कशाला? स्टेरॉइडची भीती वाटते, ते वगळलं तर चालेल का? आणि आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. डुकराच्या मांसातला जंत हिला झालाच कसा? — एक आई, सोलापूर

उत्तर : शेवटची शंका आधी घेऊ, कारण या एका गैरसमजापायी अनेक शाकाहारी घरांत निदानावरच विश्वास बसत नाही आणि उपचार लांबतात. डुकराचं अर्धकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात टेपवर्म, म्हणजे पट्टकृमी वाढतो. तुमच्या मुलीचा आजार त्याच्या अंड्यांमुळे झाला आहे. ज्याच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. सांडपाण्यावरच्या कोथिंबीर-मेथीवरून, कच्च्या गाजर-काकडीवरून किंवा शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांवरून ती दुसऱ्याच्या तोंडात जातात. अंड्यातून निघालेला सूक्ष्म गर्भ आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि मेंदूत, स्नायूत किंवा डोळ्यात पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी करून बसतो. हाच ‘सिस्टिसर्कस’. त्यासाठी ताटात मांस असण्याची गरज नाही.

तुमच्याकडचा सोनोग्राफीचा फोटो पाहा. काळ्या गोल पोकळीत भिंतीला लागून एक ठसठशीत पांढरा ठिपका दिसेल. ते जंताचं डोकं, म्हणजे स्कोलेक्स. ठिपका स्पष्ट दिसत असेल तर निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

आता २८ दिवस कशासाठी ते पाहू. शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला देतात ती ४०० मिलिग्रॅमची गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते. औषध आणि जंत एकाच नळीत असतात, त्यामुळे एक गोळी पुरते. इथे औषध आतड्यातून रक्तात, रक्तातून स्नायूत आणि स्नायूतून पिशवीच्या भिंतीपलीकडे पोहोचायला हवं, आणि काही आठवडे तिथे टिकायला हवं. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे दिवसाला १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. २६ किलोला ३९० मिलिग्रॅम होतात, म्हणजे सकाळी २०० आणि रात्री २००. ४०० ची गोळी असेल तर अर्धी-अर्धी. पातळ औषध साधारणपणे ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असं मिळतं, त्याचे दोन वेळा ५-५ मिली. बाटलीवरचा आकडा मात्र प्रत्येक वेळी वाचा.

या उपचारात सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे गोळी रिकाम्या पोटी देणं. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही. उपाशीपोटी घेतलं तर बरंचसं आतड्यातूनच निघून जातं. स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण पाचपट वाढू शकतं. म्हणून गोळी जेवणाच्या मध्यावर द्या. त्या दोन जेवणांत वरणभातावर चांगलं दोन चमचे तूप, सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा साईसकट दूध असू द्या. सोलापूरकरांना शेंगाचटणी वेगळी सांगायला नको. गोळी चावून खायला लावा.

स्टेरॉइड वगळू नका. जिवंत असेपर्यंत हा जंत शरीराच्या नजरेपासून स्वतःला लपवून ठेवतो. औषधानं तो मरायला लागला की पिशवी गळते, आतली प्रथिनं बाहेर येतात आणि शरीर तिथे जोरदार सूज आणतं. ती सूज डोळ्यामागच्या चिंचोळ्या जागेत येते आणि शेजारीच दृष्टीची नस असते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ही सूज आवरून धरतं. मात्रा किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, म्हणजे तिला २५ मिलिग्रॅमच्या आसपास, सकाळी नाश्त्यानंतर एकदाच. ते अल्बेंडाझोलच्या आधी किंवा सोबत सुरू होतं आणि ४ ते ६ आठवड्यांत पायरीपायरीनं कमी करत बंद होतं. मध्येच बरं वाटलं म्हणून एकदम थांबवलं तर सूज उसळते, शिवाय शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणंही तोवर मंदावलेलं असतं. या काळात भूक वाढेल, गाल थोडे भरतील, चिडचिड होईल, आणि हे सगळं नंतर ओसरेल. घरात कुणाला क्षयरोग आहे किंवा होता का, शेजारीपाजारी कांजिण्या आहेत का, हे डॉक्टरांना आधी सांगा. स्टेरॉइड चालू असताना जिवंत लस टाळायची असते.

गोळी सुरू करण्याआधी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. एक, थेंब टाकून बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. डोळ्याच्या आतही जंत नाही ना, याची खात्री त्यातून होते. दुसरी, मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन. स्नायूत एक पिशवी असेल तर मेंदूतही असू शकते. मेंदूतली पिशवी माहीत नसताना गोळी सुरू झाली तर पहिल्याच आठवड्यात आकडी येऊ शकते. याशिवाय रक्तातल्या पेशी आणि यकृताची तपासणी सुरुवातीला आणि मग दर दोन आठवड्यांनी करा, कारण हे औषध काही जणांत पांढऱ्या पेशी कमी करतं किंवा यकृतावर ताण आणतं. तिला आकडीचं औषध आधीपासून चालू असेल तर नाव सांगा. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनमुळे अल्बेंडाझोलचा असर कमी होतो.

पहिल्या आठवड्यात पापणी थोडी जास्त सुजली तर घाबरू नका. पण नजर अंधुक झाली, डोळा पुढे आला, डोकं दुखून उलट्या झाल्या किंवा आकडी आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोनोग्राफी ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा होईल. आधी पांढरा ठिपका नाहीसा होतो, मग पिशवी आक्रसते. दुहेरी दिसणं जायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला कुणी येत असेल तर त्यांचीही, शौचाची तपासणी वेगवेगळ्या दिवशी तीनदा करून घ्या. पट्टकृमी असलेल्या माणसाला बहुधा काहीच त्रास होत नाही. कधी शौचात पांढऱ्या, चपट्या, शेवयांच्या तुकड्यांसारख्या चकत्या दिसतात, तेवढंच. उपचार त्यांचाही व्हायला हवा, नाहीतर मुलगी बरी होऊन पुन्हा त्याच ताटावर बसेल. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यानं ही अंडी मरत नाहीत. ती चोळून निघतात किंवा शिजवल्यावर मरतात.

प्रश्न : वय ४२. उजव्या डोळ्यापुढे मोत्यासारखं काहीतरी हलतं. तपासणीत डोळ्याच्या आत, जेलीमध्ये जिवंत सिस्टिसर्कस आहे असं कळलं. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात. माझ्या भाच्याला हाच आजार होता, तो नुसत्या गोळ्यांनी बरा झाला. मीही महिनाभर गोळ्या घेऊन बघू का? — नांदेड

उत्तर : नका घेऊ. हे आम्ही अगदी कळकळीनं सांगतो. तुमच्या भाच्याचा जंत डोळ्याबाहेर, स्नायूत असणार. तुमचा डोळ्याच्या आत आहे. डोळा ही सगळीकडून बंद कुपी आहे. तिच्या आत पिशवी मेली आणि फुटली की तिच्यातले पदार्थ थेट पडद्यावर पडतात. त्यातून उठणारी सूज जेली गढूळ करते, पडद्यावर पातळ पापुद्रे धरते आणि ते पापुद्रे पडद्याला ओढून सोडवतात. अशा डोळ्यात नंतर शस्त्रक्रिया केली तरी हाती फार थोडं लागतं. डोळा लहान होऊन आत बसलेले रुग्णही वैद्यकाला नवे नाहीत.

आज तुमचा जंत जिवंत आहे म्हणून डोळा अजून शांत आहे. डॉक्टर दिव्याच्या झोतात पाहतात तेव्हा ती मोत्याच्या रंगाची पिशवी लाटेसारखी हलते, आणि उजेड पडला की कधी पांढरं डोकं बाहेर काढते, पुन्हा आत घेते. हाच काळ शस्त्रक्रियेला सर्वांत चांगला. शस्त्रक्रियेचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तीन अतिबारीक छिद्रं पाडतात: एकातून पाणी आत जातं, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून कापून ओढणारं उपकरण. जेली काढून पिशवी अखंड बाहेर घेतात किंवा आतच कापून लगोलग शोषून घेतात. जंत पडद्याखाली असेल तर पडद्याला छेद द्यावा लागतो आणि शेवटी गॅस किंवा सिलिकॉन तेल भरावं लागतं. नजर किती परत येईल हे पडद्याच्या मधल्या बिंदूला किती इजा झाली आहे त्यावर आहे.

मेंदूतही पिशव्या निघाल्या तर क्रम असा: आधी डोळा मोकळा करायचा, मग मेंदूसाठी अल्बेंडाझोल. शस्त्रक्रिया होईपर्यंत घरी कुणासाठी आणलेली जंताची कुठलीही गोळी, अल्बेंडाझोल असो वा प्राझिक्वांटेल, तुम्ही घेऊ नका. गावात सामूहिक औषध वाटप असेल तर कर्मचाऱ्यांना तुमचा रिपोर्ट दाखवा.

प्रश्न : डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. डॉक्टरांनी थेंब टाकून साधारण ११ सेंटिमीटरचा जिवंत जंत बाहेर काढला. प्रयोगशाळेचा अहवाल: डायरोफिलारिया रेपेन्स. गोळी काहीच दिली नाही. आत आणखी असले तर? आयव्हरमेक्टिन घ्यावं का? — मालवण

उत्तर : गोळीची गरज नाही, आणि न देणं हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा नाही. हा मूळचा कुत्र्यांचा जंत, डासांमार्फत पसरतो. माणसाच्या अंगात तो चुकून येतो आणि बहुधा एकटाच असतो. पिल्लं घालण्याइतकी त्याची घडी इथे बसत नाही. तो एक काढला की आजार संपला. केरळपासून कोकणापर्यंतच्या किनारपट्टीवर असे रुग्ण दिसत आले आहेत.

ज्यांना असं पहिल्यांदाच दिसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. हा जंत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पारदर्शक आवरणाखाली सरकत असतो आणि काही वेळानं मागे निघून जातो. म्हणून दिसताक्षणी मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळा चोळू नका. मध, कांद्याचा रस, तंबाखूचं पाणी घालू नका. त्यानं जंत मरत नाही, बुबुळ मात्र भाजतं. डॉक्टर बधिर करणारे थेंब टाकतात, जंताला चिमट्यानं आवरणावरूनच पकडून ठेवतात, शेजारी २-३ मिलिमीटरचा छेद देतात आणि तिथून सावकाश ओढून घेतात. घाई केली तर तो तुटतो आणि राहिलेला तुकडा सूज आणतो. आधी पकडून ठेवलं नाही तर इंजेक्शन टोचेपर्यंत तो डोळ्यामागे पसार होतो.

काढलेला जंत ७० टक्के स्पिरिटमध्ये तपासणीला पाठवणं महत्त्वाचं. रेपेन्सच्या अंगावर लांबीच्या दिशेनं कंगोरे असतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते लगेच ओळखू येतात. आफ्रिकेतला लोआ लोआ दिसायला असाच, पण त्याच्या अंगावर कंगोऱ्यांऐवजी विखुरलेले बारीक उंचवटे असतात, आणि त्याचा उपचार अगदी वेगळा आहे (पुढचं पत्र पाहा). तुमच्या रक्तातल्या इओसिनोफिल पेशी आणि रात्रीच्या रक्ताचा एक नमुना तपासून घेतला की पुरे. घरचं कुत्रं असेल तर त्याचं रक्त पशुवैद्यांकडून तपासून घ्या. खरी गोळी त्याला लागेल. कोली जातीच्या कुत्र्यांना काही औषधं झेपत नाहीत, तेव्हा मात्रा पशुवैद्यांनाच ठरवू द्या.

प्रश्न : तीन वर्षं कॅमेरूनमध्ये डुआलाजवळ बांधकाम प्रकल्पावर आहे. वजन ७० किलो. मनगटावर मधूनमधून सूज येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. गेल्या आठवड्यात डोळ्यावरून जंत सरकताना सहकाऱ्यांनी पाहिला. भारतातून आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत, त्या घेऊ का?

उत्तर : ती पाकिटं बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेली येणारी-जाणारी सूज आणि डोळ्यावरचा जंत ही लोआ लोआची ठरलेली खूण आहे. या आजारात रक्तात जंताची असंख्य सूक्ष्म पिल्लं फिरत असतात. त्यांची संख्या मिलिलिटरला ३०,००० च्या वर असेल आणि आयव्हरमेक्टिननं ती एकदम मेली, तर मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अडथळा येऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो. यात मृत्यू झालेले आहेत. म्हणून आधी मोजणी.

रक्त सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतच द्या. हत्तीरोगाची पिल्लं रात्री रक्तात उतरतात, लोआची भर दुपारी, कारण त्याला नेणारी क्रायसॉप्स माशी दिवसा चावते. संध्याकाळी दिलेल्या नमुन्यात ती सापडणार नाहीत आणि अहवाल खोटा दिलासा देईल. दुसरी तपासणी ऑन्कोसर्का या जंताची, कातडीच्या बारीक तुकड्यांवरून आणि डोळे पाहून. कॅमेरूनमध्ये दोन्ही जंत एका माणसात असू शकतात, आणि ऑन्कोसर्का असताना लोआचं मुख्य औषध दिलं तर डोळ्यांना कायमची इजा होते.

ते मुख्य औषध म्हणजे डीईसी, डायइथाइलकार्बामाझिन. मोजणी ८,००० च्या खाली आणि ऑन्कोसर्का नसेल तर किलोमागे दिवसाला ८ ते १० मिलिग्रॅम, तीन वेळांत विभागून, २१ दिवस. ७० किलोला साधारण ६०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, जेवणानंतर. सुरुवात पूर्ण मात्रेनं करत नाहीत. पहिल्या दिवशी ५० मिलिग्रॅमसारखी छोटी मात्रा देऊन तीन-चार दिवसांत वर नेतात. अंगाला खाज, ताप, सांधेदुखी आली तर त्यासाठी औषध सोबत असतं. मोजणी ८,००० च्या वर निघाली तर आधी अल्बेंडाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २१ दिवस. ते पिल्लांची संख्या सावकाश उतरवतं आणि ही सावकाशीच इथे हवी असते. मग पुन्हा मोजणी.

डोळ्यावर आलेला जंत काढला तर त्या क्षणाचा त्रास जातो, आजार जात नाही. त्वचेखाली आणखी असतात आणि मोठा जंत १५ वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणून एका कोर्सनंतर दुसरा लागला तर खचून जाऊ नका. आणि मुंबईला परतल्यावर दहा वर्षांनी जरी मनगट सुजलं तरी डॉक्टरांना कॅमेरूनचं नाव सांगा. इथे क्रायसॉप्सच्या त्या जातीच नाहीत, त्यामुळे घरच्यांना तुमच्यापासून संसर्ग होणार नाही. तिथे असेपर्यंत लांब बाह्या आणि लांब पँट घाला. लाकडाच्या धुराकडे ही माशी ओढली जाते, तेव्हा शेकोटीशेजारी बसून ती दूर राहील असं समजू नका. दीर्घकाळ राहणाऱ्यांना आठवड्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम डीईसी प्रतिबंधासाठी देता येतं, पण तेही वरच्या तपासण्या झाल्यावरच.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. हत्तीरोगाच्या मोहिमेत आम्ही डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन देतो. ‘या गोळ्यांनी डोळ्यातला जंत पण मरतो का’ असं लोक विचारतात. काय सांगू? — गडचिरोली

उत्तर : सांगा की या गोळ्या हत्तीरोगासाठी आहेत आणि त्यासाठी त्या जरूर घ्याव्यात. डोळ्यातल्या जंताचा उपचार मात्र यानं होत नाही. लोकांच्या मनात आयव्हरमेक्टिनची सांगड डोळ्याशी बसली आहे ती आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वामुळे. ऑन्कोसर्कामुळे येणारं ते अंधत्व या औषधानं फार मोठ्या प्रमाणावर रोखलं. किलोमागे १५० मायक्रोग्रॅम, वर्षातून एकदा किंवा दोनदा. १९८७ पासून ते तिथे मोफत दिलं जातं. जपानच्या मातीत सापडलेल्या जीवाणूपासून ते आलं आणि त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. तो आजार भारतात नाही.

उंचीची पट्टी तुमच्याकडे आहेच: ९० ते ११९ सेंटिमीटरला ३ मिलिग्रॅमची एक गोळी, १२० ते १४० ला दोन, १४१ ते १५८ ला तीन, १५९ आणि वर चार. ५ वर्षांखालील मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना आयव्हरमेक्टिन नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमची एक विनंती: ज्याला डोळ्यात किंवा मेंदूत जंताची गाठ सांगितली आहे, किंवा कारण न कळलेली आकडी येते, त्याला तुमच्या हातानं गोळी देण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

प्रश्न : मेंढरं बसवतो. वाड्यात काम करताना डोळ्यावर काहीतरी आदळलं आणि तासाभरात वाळू गेल्यागत खुपायला लागलं. डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या अळ्या काढल्या. पोटातून औषध घ्यायचं का? — दहिवडी, सातारा

उत्तर : नको. हा जंत नसून मेंढीच्या नाकात वाढणाऱ्या माशीच्या अळ्या आहेत. ही माशी उडता उडता जेमतेम मिलिमीटरभराच्या जिवंत अळ्या नाकाऐवजी चुकून माणसाच्या डोळ्यावर सोडते. अळीच्या तोंडाशी आकडे असतात, म्हणून नुसत्या पाण्यानं डोळा धुतला तर ती सुटत नाही. बधिर करणारे थेंब टाकून, पापणी उलटी करून, एकेक चिमट्यानं उचलावी लागते. उजेड पडला की त्या पापणीच्या खोबणीत पळतात, त्यामुळे एखादी राहून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवाच. माणसाच्या डोळ्यात त्या वाढून मोठ्या होत नाहीत. तोंडावाटे आयव्हरमेक्टिन लागतं ते निराळ्या प्रकारात, जेव्हा जखमेतून किंवा डोळ्याच्या गाठीतून दुसऱ्या जातीच्या अळ्या डोळ्याच्या खोबणीत खोल शिरलेल्या असतात. मेंढरं सारखी शिंकत असतील, नाक गळत असेल तर पशुवैद्यांना दाखवा.

प्रश्न : ५ वर्षांच्या मुलाच्या एका डोळ्याची बाहुली फोटोत पांढरी दिसते. घरात दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आहे. इंटरनेटवर ‘टॉक्सोकारा’ या कुत्र्यांच्या जंताबद्दल वाचलं. जंताचं औषध लगेच सुरू करू का? — पुणे

उत्तर : औषध सुरू करू नका. उद्याच पडद्याच्या तज्ज्ञांना दाखवा. लहान मुलाची पांढरी बाहुली दिसली की सर्वांत आधी रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कर्करोग नाही ना, हे पाहायचं असतं. तो वेळेत सापडला तर मुलाचा जीव वाचतो, बहुधा डोळाही वाचवता येतो. जंताच्या औषधाची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक आठवडा त्यात महागात पडतो. बाहुली मोठी करून तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास भूल देऊन तपासणी यांतून फरक कळतो. कर्करोगाच्या गाठीत बहुधा चुन्याचे कण दिसतात.

टॉक्सोकाराच निघाला तर उपचारात पुढची जागा स्टेरॉइडची आहे. पडद्याला बिघडवते ती अळीभोवतीची सूज, आणि ती थेंबांनी किंवा प्रेडनिसोलोननं आवरावी लागते. सोबत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. किती दिवस ते तज्ज्ञ ठरवतात. पाच दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असू शकतं. पडदा ओढला जात असेल तर शस्त्रक्रिया. रक्ताची तपासणी नकारार्थी आली म्हणून टॉक्सोकारा नाहीच असं समजू नका, कारण आजार फक्त डोळ्यात असेल तर ती पुष्कळदा तशीच येते. आणि आजार गेला तरी त्या डोळ्याची नजर आळशी राहू नये म्हणून चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे बरेच दिवस चालतं.

पिल्लाला घालवून देऊ नका. आईच्या पोटातच बहुतेक पिल्लांना हा जंत लागलेला असतो. म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा द्यायचं असतं. तुमच्या पिल्लाचे आधीचे डोस राहिले असतील तर आजपासून पशुवैद्यांच्या हिशेबानं सुरू करा. अंडी मातीत पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला २ ते ४ आठवडे लागतात, त्यामुळे विष्ठा रोजच्या रोज उचलली तर धोका बराच कमी होतो. सोसायटीतल्या खेळायच्या वाळूवर रात्री ताडपत्री टाका, आणि मूल खेळून आलं की नखांच्या आतून ब्रश फिरवून हात धुवा.